बसली म्हणजे जमली असं नाही

घरच्या घरी कॉम्प्युटर जोडायला सात-आठ वस्तू लागतात आणि एक भाचा लागतो. वस्तू बाजारात मिळतात, भाचा असावा लागतो. तो साधारण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतो आणि तयार कॉम्प्युटर विकत घेणाऱ्या माणसांविषयी त्याच्या मनात अपार करुणा असते. "मामा, तयार पीसी घेणं म्हणजे पैसे पाण्यात," असं तो सांगतो, आपले पैसे घेतो, डोंबिवलीहून गाडी पकडतो, दादरला बदलतो आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर दिसेनासा होतो. या रस्त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण रॅम घ्यायला निघालेला माणूस अजून लॅमिंग्टन रोडलाच जातो.

जाण्याआधी भाच्याने अभ्यास केलेला असतो. प्रोसेसरचा अभ्यास त्याने सेमिस्टरच्या परीक्षेसाठी केला नसेल इतका केलेला असतो. ग्राफिक्स कार्ड किती इंच लांब, त्याच्या पंख्याचा आवाज किती, हे त्याला तोंडपाठ असतं. कॅबिनेट काचेचं हवं, कारण आत काय चाललंय ते दिसलं पाहिजे. (पुढे ते दिसतं. काहीही चाललेलं नसतं.) यादीत सगळ्यात शेवटी असते रॅम. तिथे पोचेपर्यंत पैसेही संपत आलेले असतात आणि उत्साहही. "रॅम काय, कुठलीही चालते," असं म्हणून तो लाल-निळे दिवे लागणाऱ्या दोन स्टिक उचलतो. दिवे कीबोर्डशी मॅच होतात. बोर्डाशी मॅच होतात का, हा प्रश्न त्या वेळी दुकानात कोणालाच पडत नाही.

खरं तर प्रोसेसरला या क्षणी जे काही हाताशी हवं असतं ते सगळं रॅममध्ये असतं. त्यासाठी दर सेकंदाला अब्जावधी वेळा देवघेव चालते आणि त्यात एखाद्या वेळी शून्याच्या जागी एक झाला तरी बिनसतं. इतकं नाजूक काम जिच्यावर सोपवायचं, तिची निवड रंगावरून होते. घरातल्या मोठ्या माणसांनी हे वाक्य वाचून एकमेकांकडे पाहू नये.

मग तो दिवस येतो. डायनिंग टेबलवरचा काचेचा मसाल्याचा डबा, लोणच्याची बरणी वगैरे हलवून तिथे मदरबोर्ड मांडला जातो. सगळं बसतं. स्क्रू मोजून लावले तरी दोन उरतात. बटण दाबलं की पंखे फिरतात, दिवे इंद्रधनुष्यासारखे पळतात आणि स्क्रीन काळा तो काळाच राहतो. या अवस्थेला बाजारात एकच नाव आहे: 'डिस्प्ले येत नाही.' या तीन शब्दांवर लॅमिंग्टन रोडवरची कितीतरी घरं चालतात.

डिस्प्ले येत नाही म्हटल्यावर घर गोळा होतं. वडील म्हणतात, "प्लग नीट बसलाय का?" पंखे फिरत असतात, तरी प्लग काढून परत लावला जातो, कारण वडील म्हणाले. आई म्हणते, "मी म्हटलं होतं, तयार आणू या." शेजारचे काका सांगतात की १९९८ मध्ये त्यांच्या ऑफिसात अगदी असंच झालं होतं आणि शेवटी फ्लॉपी आत राहिलेली निघाली. आजी एकटीच शहाण्यासारखं बोलते: "थोडा वेळ थांबा की. नवीन आहे, घेईल वेळ."

गंमत म्हणजे आजीचं शास्त्रशुद्ध आहे. डीडीआर५ रॅम आणि एएमडीचा एएम५ बोर्ड यांची पहिलीच भेट असेल तर बोर्ड आधी रॅमला 'ट्रेन' करतो. प्रत्येक तारेवरून सिग्नल किती उशिरा येतो, व्होल्टेज कितीला नीट वाचता येतं, हे तपासून तो आपली मापं ठरवतो. रॅम जास्त असेल तर यात कित्येक मिनिटं जातात आणि तेवढा वेळ स्क्रीनवर काहीही दिसत नाही. पण मराठी घरात काळ्या स्क्रीनकडे एवढा वेळ शांतपणे बघत बसणारा माणूस अजून जन्माला यायचाय. अर्ध्या मिनिटात कोणीतरी बटण दाबून बंद करतं. परत चालू केलं की ट्रेनिंग पहिल्यापासून. परत अर्ध्या मिनिटात बंद. रॅम बिचारी बालवाडीतून वर जातच नाही.

या सगळ्यात बोर्ड मात्र एका कोपऱ्यात खरं काय ते सांगत असतो. बऱ्याच बोर्डांवर कडेला तांदळाच्या दाण्याएवढे चार दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. चालू होताना बोर्ड एकेक तपासत जातो आणि जिथे अडतो तिथला दिवा लागलेला राहतो. इथे डीरॅमपुढचा, म्हणजे रॅमचा, पिवळा दिवा टक्क लागलेला असतो. पण आत पंख्यांचे, रॅमचे आणि कॅबिनेटचे मिळून एवढे दिवे लागलेले असतात की कामाचा दिवा त्या रोषणाईत कोणाला दिसत नाही.

दिसला की मग खोडरबर निघतो.

खोडरबर हे आपल्याकडच्या हार्डवेअर शास्त्राचं मूळ उपकरण आहे. रॅम काढायची, तिच्या खालच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या शाळेतल्या खोडरबराने घासायच्या, फुंकर मारायची, परत बसवायची. जुन्या, धूळ आणि दमटपणा खाल्लेल्या रॅमवर याचा कधीकधी उपयोग होतोही, कारण पट्ट्यांवरची पुटं निघतात. पण नव्या कोऱ्या खोक्यातून पाच मिनिटांपूर्वी काढलेल्या रॅमलाही तोच प्रयोग होतो. रबराचा भुगा खाचेत पडतो, फुंकरीतली थुंकी पट्ट्यांवर पडते, आणि तरीही कॉम्प्युटर चालू झाला तर श्रेय रबराला जातं. खरं काम केलेलं असतं काढून परत बसवण्याने.

कारण रॅम अर्धवट बसलेली असणं हा या रोगाचा सगळ्यात साधा प्रकार आहे. पुष्कळ बोर्डांवर आता खाचेच्या एकाच टोकाला क्लिप असते, दुसरं टोक नुसतंच असतं. क्लिपच्या बाजूला 'टक्' वाजलं की माणूस समाधानाने हात झटकतो. दुसरी बाजू केसभर वर राहिलेली असते. ती खाली जायला जेवढा जोर लागतो तेवढा जोर महागाच्या वस्तूवर लावायची आपल्याला सवय नाही. अंगठा दाबत जावा, बोर्ड किंचित वाकावा, कुठेतरी करकरावं, लावणाऱ्याने डोळे मिटावेत आणि मग 'टक्' व्हावं, असा तो क्षण असतो. जे हे जोरात करतात त्यांची रॅम बसते. पण तेच लोक कधीकधी डीडीआर५ बोर्डावर डीडीआर४ची स्टिकही तेवढ्याच श्रद्धेने दाबतात. दोन्हींना २८८ पिनाच असतात आणि लांबीही सारखीच. फक्त मधली खाच जराशी सरकवलेली असते, म्हणजे चुकीची बसूच नये. पण 'बसत कशी नाही, बघतोच' म्हणणाऱ्यापुढे खाच काय करणार? त्यातच इंटेलच्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरला, म्हणजे २०२१ पासून, दोन्ही प्रकारचे बोर्ड बाजारात मिळू लागले. नाव तेच, खोकं तेच, रंग तोच. फरक काय तो नावाच्या शेपटीला असलेल्या एखाद्या 'डी४'चा.

समजा, रॅम योग्य आहे आणि पूर्ण बसली आहे. मग प्रश्न उरतो कुठे बसली याचा. खाचा चार आणि स्टिक दोन असतील तर माणूस पहिल्या दोन खाचा धरतो. आपल्या समाजात रांगेत पुढचं सोडून मागे कोण बसेल? पण बहुतेक बोर्डांचं पुस्तक सांगतं की प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी खाच वापरा. प्रोसेसरकडून आलेली तार आधी अलीकडच्या खाचेला भेटून मग पलीकडच्या खाचेत संपते. शेवटची खाच मोकळी सोडली तर तारेच्या त्या मोकळ्या टोकावरून सिग्नल परत फिरतो आणि नव्या सिग्नलमध्ये मिसळतो. हे पुस्तकात चित्र काढून दाखवलेलं असतं. पुस्तक खोक्यात असतं, खोकं माळ्यावर असतं.

रिकाम्या खाचांचा विषय निघालाच आहे तर रॅम्बस कंपनीची आठवण काढायलाच हवी. २००० सालच्या सुमाराला पहिले पेंटियम ४ आले ते रॅम्बसची आरडीरॅम घेऊन. त्या बोर्डांवर एकही खाच रिकामी ठेवून चालायची नाही. जिथे रॅम नाही तिथे रॅमच्याच आकाराची, पण आत मेमरी नसलेली पट्टी लावावी लागायची, नाहीतर मशीन चालूच व्हायचं नाही. बायको हजर नसली की सुपारी ठेवून पूजेला बसण्याची सोय आपल्या पुरोहितांनी पूर्वीच करून ठेवलेली आहे. त्यामुळे निदान मराठी माणसाला त्या पट्टीचं आश्चर्य वाटायला नको होतं.

पण समजा, यातलं सगळं जमलं. डिस्प्ले आला. घरात पेढे वाटले गेले. आता भाचा आकडे बघतो आणि नवं दुःख सुरू होतं. खोक्यावर ठसठशीत ६००० छापलेलं आहे. मशीन दाखवतं ४८००. खात्री करायला आणखी एक सॉफ्टवेअर उतरवलं तर ते दाखवतं २४००. म्हणजे दुकानदाराने एकदा फसवलं आणि कंपनीने दुसऱ्यांदा, असा हिशोब करून भाचा फोन हातात घेतो.

फसवलं कोणीच नाही. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माहिती देते, म्हणून २४००चे ४८०० होतात. आणि ४८०० का, तर जेडेक नावाची जी संस्था रॅमचे नियम ठरवते तिच्या नियमातला वेग मशीन आधी धरतं. खोक्यावरचे ६००० हे कंपनीने स्वतः तपासून रॅमवरच्या एका चिमुकल्या चिपमध्ये लिहून ठेवलेलं वेगळं वेळापत्रक असतं. इंटेलच्या भाषेत त्याला एक्सएमपी म्हणतात, एएमडीच्या भाषेत एक्स्पो. ते बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन आपण स्वतः चालू करायचं असतं. केलं की व्होल्टेज १.१वरून १.३५ किंवा त्याच्या आसपास जातं आणि वेग वाढतो. प्रोसेसरला तो झेपला तर.

कारण रॅमशी बोलणारा भाग हल्ली प्रोसेसरच्या पोटात असतो. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने अधिकृतपणे कबूल केलेला वेग ५२०० आहे. त्यापुढचं सगळं ओव्हरक्लॉकिंग. म्हणजे ६००० हे रॅमने दिलेलं वचन आहे, प्रोसेसरने दिलेलं नाही. शिवाय त्याच खोक्यावर ६०००च्या शेजारी बऱ्याचदा 'सीएल ३६' असंही लिहिलेलं असतं. छत्तीसचा आकडा त्यांनी लपवलेला नाही, उघड छापलेला आहे. आपणच वाचत नाही.

तर भाचा एक्स्पो चालू करतो, सेव्ह करतो, मशीन पुन्हा सुरू होतं आणि डीरॅमचा दिवा लागतो. पेढे उरलेले असतात ते आत ठेवले जातात.

इथून पुढे बायोस जुन्या जागी आणायचं काम येतं. बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर२०३२, भिंतीवरच्या घड्याळातली नव्हे, वजनकाट्यातली वगैरे असते ती. मशीनचा प्लग काढून ती थोडा वेळ बाहेर ठेवली की बोर्ड सगळी सेटिंग्ज विसरतो. बॅटरी काढताना ती उडते आणि फ्रीजखाली जाते. फ्रीज हलवला की मागची धूळ आईला दिसते आणि कॉम्प्युटरचा विषय बाजूला राहतो.

सगळ्यात वाईट मात्र तो आजार, ज्यात मशीन चालतं. चालतं, पण कधीकधी. मेल उघडतं, सिनेमा दिसतो, आणि महत्त्वाची फाइल सेव्ह करताना पडदा निळा होतो. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, त्या निळ्या पडद्यावर एक उदास चेहरा असायचा. २०२५मध्ये विंडोज ११ने तो पडदा काळा केला आणि चेहराही काढून टाकला. आता दुःख आपलं आपणच करायचं. खाली जो संदेश येतो तो दर वेळी वेगळा. आज 'मेमरी मॅनेजमेंट', उद्या 'पेज फॉल्ट', परवा आणखी काही. निदान सारखं बदलतं हीच रॅमची खूण आहे. मोठी झिप फाइल उतरवली की ती उघडताना खराब निघणं, परत उतरवली की दुसऱ्याच ठिकाणी खराब निघणं, ही दुसरी खूण.

पण यावर आपल्याकडे सर्वमान्य उपाय एकच आहे: "विंडोज मार." पेनड्राइव्ह येतो, विंडोज नव्याने मारलं जातं. बिघडलेल्या रॅममधून जाऊन डिस्कवर उतरलेलं ते विंडोज जन्मतःच आजारी असतं. मग ते परत मारलं जातं.

कंटाळून भाचा रॅम घेऊन दुकानात जातो. दुकानदार ती आपल्या मशीनला लावतो. मशीन लगेच सुरू होतं. "बघा, आमच्याकडे चालते. तुमचा बोर्ड बघा." बोर्डवाला बोर्ड लावून दाखवतो. "बोर्ड ओके आहे, प्रोसेसर बघा." प्रोसेसरवाला हसतो. "प्रोसेसर कधी जात नाही हो, रॅम बघा." भाचा या तिघांमध्ये फिरतो आणि संध्याकाळच्या लोकलला तिघांनाही शिव्या देत परत येतो.

पण तिघंही खरं बोलत असतात. रॅम चांगली आहे. बोर्ड चांगला आहे. प्रोसेसर चांगला आहे. जमत नाही ते यांच्या मधलं काहीतरी आणि त्या मधल्या जागेची वॉरंटी कोणीच देत नाही. आपण सुटे भाग विकत घेतो, त्यांचं आपसात जुळणं विकत मिळत नाही. तयार मशीन विकणारा कंपनीवाला जे जादा पैसे घेतो, त्यातले काही या जुळवून पाहण्याचेच असतात, हे भाच्याला सांगून उपयोग नाही. आईला सांगू नये.

यावर कडी म्हणजे रॅम वाढवणं. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव कडाडले. तेव्हापासून नवा संच घेण्याऐवजी "आहे त्याच्याच जोडीला तसलीच आणखी एक टाकू" हा विचार प्रबळ झाला आहे. तसलीच म्हणजे काय, तर स्टिकर तसलाच. जगातल्या बहुतेक रॅमच्या आतल्या चिपा सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघी बनवतात, बाकीच्या पुष्कळ कंपन्या त्या विकत घेऊन वर आपलं पत्र्याचं जाकीट चढवतात. त्याच नावाच्या, त्याच नंबराच्या स्टिकमध्ये वर्षभराने दुसऱ्याच कंपनीची चिप निघू शकते. दोनाच्या चार स्टिक केल्या की आणखी एक गोष्ट होते. रायझन ७०००वर डीडीआर५च्या चार स्टिक लावल्या तर अधिकृत वेग ५२००वरून ३६००वर येतो. पैसे घालून रॅम दुप्पट झाली, मशीन हळू झालं.

रोग शोधायची रीत जुनी आणि अतिशय सोपी आहे. बायोस मूळ सेटिंगवर आणायचं. एकच स्टिक, पुस्तकात सांगितलेल्या खाचेत. चाललं तर दुसरी स्टिक त्याच खाचेत. मग खाच बदलून. एका वेळी एकच बदल आणि तो वहीत लिहायचा. मग मेमटेस्ट८६. ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४मध्ये लिहिलेला हा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून मशीन त्याच्यावर सुरू करायचं आणि रात्रभर चालू द्यायचं. तो रॅमच्या प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी लिहितो आणि तेच परत वाचता येतं का ते बघतो. इथे पस्तीस मार्कांना पास नाही. एक चूक निघाली तरी नापास.

पण एका वेळी एकच बदल करणं मानवी स्वभावाला मंजूर नाही. रॅमची जागा बदलायची, बायोस अपडेट करायचं, रबर फिरवायचा, केबल बदलायची आणि देवाला नमस्कार करायचा, हे सगळं एकाच दमात होतं. मग मशीन चालू होतं. कशामुळे, ते कळत नाही. वडिलांच्या मते प्लगमुळे, काकांच्या मते रबरामुळे, भाच्याच्या मते बायोसमुळे. पुढच्या वेळी बंद पडलं की तिघंही आपापला उपाय घेऊन परत हजर.

म्हणून वाचकहो, चार गोष्टी लक्षात ठेवा. रॅम घेण्याआधी बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या बोर्डाची क्यूव्हीएल बघा. कंपनीने कुठकुठली रॅम त्या बोर्डावर तपासून पाहिली आहे त्याची ती यादी असते. जेवढी रॅम हवी तेवढी एकाच खोक्यातल्या संचात घ्या. संचातल्या स्टिक एकमेकींबरोबर तपासलेल्या असतात, सुट्या घेतलेल्या तशा नसतात. दोनच स्टिक घ्या. आणि परत करायची मुदत संपायच्या आत एक रात्र मेमटेस्ट चालवा.

एवढं सगळं करूनही डिस्प्ले आला नाही, तर रॅमला हात लावण्याआधी मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावली आहे की चुकून मदरबोर्डाला, तेवढं मागे वाकून बघा. पुष्कळांचा डिस्प्ले तिथेच अडकलेला असतो.